राखून ठेवलेला ट्युनिशिया

बुल्ला रेजियाच्या अवशेषांत शिरणाऱ्याची पहिली पाच मिनिटं निराशेत जातात. गुडघ्याएवढ्या भिंती, वाळलेलं गवत, मधूनच एखादा उभा खांब. एवढ्यासाठी इतक्या लांब आलो का, असं मनात येत असतानाच एका भिंतीच्या आडून दगडी जिना खाली उतरताना दिसतो. त्या पायऱ्या उतरलं की ऊन वरच राहतं. खाली मोकळा चौक, चौकाभोवती नक्षीदार माथ्याचे खांब, एका बाजूला जेवणाचं दालन, दुसऱ्या बाजूला निजायच्या खोल्या आणि पायाखाली रंगीत दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं. श्रीमंत रोमन कुटुंबाचं हे अख्खं घर जमिनीच्या पोटात आहे. वरचा मजला कधीच ढासळला. खालचा मात्र छप्परासकट उभा आहे.

ट्युनिशियाच्या वायव्येला, जेंदुबा शहराजवळचं हे गाव. रोमन येण्याआधी इथे नुमिदियाच्या राजांचा मुक्काम असे, म्हणून नावात ‘रेजिया’, म्हणजे राजाचं. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून इथल्या धनिकांनी घराखाली घर खोदायला सुरुवात केली. मेजेर्दा नदीच्या या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे त्यामागचं कारण मानलं जातं. पण ऊन सगळ्या रोमन आफ्रिकेत होतं. अशी घरं मात्र एवढ्या संख्येने फक्त इथेच सापडली, आणि ते गूढ अभ्यासकांनाही पुरतं सुटलेलं नाही.

या घरांची छतं मला त्यांतल्या चित्रांपेक्षाही थोर वाटतात. कमानीचं छत बांधायचं तर आधी लाकडाचा सांगाडा उभा करावा लागतो. इथल्या कारागिरांनी भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्या घेतल्या. एका नळीचं निमुळतं तोंड दुसरीच्या पोटात अडकवायचं, अशी नळ्यांची साखळी कमानीसारखी वळवायची आणि वरून चुन्याचा लेप द्यायचा. लाकूड वाचलं, छत हलकं झालं आणि अठराशे वर्षं टिकलं. ‘अँफित्रिती’च्या घरात दोन सागरी जीवांनी वाहून आणलेली व्हीनस देवी आजही तिच्या मूळ जागी, जमिनीवर आहे. ट्युनिशियातली अशी कितीतरी चित्रं उचलून राजधानीतल्या बार्दो संग्रहालयात नेली गेली. ती तिथे भिंतीवर टांगलेली पाहणं आणि ज्या घरासाठी केली त्याच घरात, जिन्यावरून येणाऱ्या तिरप्या उजेडात पाहणं, यांत फार अंतर आहे.

संत ऑगस्टीन इसवी सन ३९९ मध्ये या गावातून जात होते. मुक्कामात त्यांनी प्रवचन दिलं आणि गावकऱ्यांच्या नाटकवेडाबद्दल त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते नाट्यगृहही उभं आहे आणि रंगमंचापुढच्या जमिनीवर एक अस्वल चितारलेलं आहे.

ट्युनिशिया आकाराने महाराष्ट्राच्या साधारण निम्मा. जाणारे बहुतेक जण हम्मामेत किंवा सूसच्या किनाऱ्यावर उतरतात, कार्थेजचे अवशेष आणि सिदी बू सईदची निळी दारं पाहतात आणि परततात. त्यात वावगं काही नाही. पण हा देश माझ्या मनात ठसला तो त्याच्या राखून ठेवण्याच्या हातोटीमुळे. सावली, धान्य, पाणी, अगदी समुद्रातला मासासुद्धा, जे जे तुटपुंजं ते जपून कसं पुरवायचं, याची उत्तरं इथे दगडामातीत उभी आहेत. ती पाहायची तर किनाऱ्याची वाट सोडावी लागते.

त्यासाठी ‘लुआज’ आहे. आपल्याकडच्या वडापचा हा सख्खा भाऊ. पांढरी व्हॅन, लांब पल्ल्याची असेल तर अंगावर लाल पट्टा, आणि वेळापत्रक एकच: गाडी भरली की निघायचं. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. अल्जीरियाच्या सीमेलगतचे काही डोंगरी भाग सुरक्षेच्या कारणावरून बंद असतात, तेव्हा पश्चिमेकडे वळण्याआधी चौकशी करून घ्यावी.

बुल्ला रेजियाहून जवळच शेमतू आहे. रोमच्या पँथिऑनच्या आत जो पिवळा संगमरवर दिसतो तो इथल्या खाणींतून गेला. डोंगरच्या डोंगर कापून नेल्याच्या खुणा आणि मेजेर्दा नदीवरच्या रोमन पुलाचे कोसळलेले तुकडे, एवढं पाहायला अर्धा दिवस पुरे. ट्युनिसहून येताना वाटेत तेस्तूर लागतं. १६०९ नंतर स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या मुसलमानांनी वसवलेलं हे गाव. त्यांच्या मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यावर एक घड्याळ आहे आणि त्याचे आकडे उलट्या क्रमाने मांडलेले आहेत. कित्येक पिढ्या बंद असलेलं हे घड्याळ २०१४ साली दुरुस्त झालं आणि काटे पुन्हा उलटे फिरू लागले. काळ मागे वळावा आणि सोडून आलेला अंदालुसिया परत मिळावा म्हणून ते तसं केलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, घर सुटलेल्या माणसांना ती सुचली यात नवल नाही.

याच पट्ट्यात, सीमेजवळ, कलात सिनानच्या वर ‘जुगुर्थाचं मेज’ आहे. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला हा डोंगर लांबूनच ओळखीचा वाटेल: चहूबाजूंनी तासलेला कडा, वर सपाट पठार, चढायला कातळात खोदलेल्या पायऱ्या. उंची समुद्रसपाटीपासून १२७१ मीटर. वर गेलं की कातळात खोदलेली पाण्याची टाकी, गुहा आणि एका पिराचं ठाणं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमशी झुंजलेला नुमिदियाचा राजा जुगुर्था याचं नाव परंपरेने या डोंगराला चिकटलं. आणि गावाच्या नावातलं ‘कलात’ म्हणजे आपला किल्लाच. अरबी ‘कलआ’ फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘किल्ला’ झाला. एकाच माहेरचे दोन शब्द भेटावेत, तसं वाटतं.

देशाचं खरं नवल दक्षिणेकडे आहे. गाबेस शहर सोडून मत्मताच्या डोंगरात शिरलं की गाव आहे असं सांगूनही गाव दिसत नाही. टेकाडांवर खड्डे दिसतात, विहिरीपेक्षा रुंद. काठावर जाऊन डोकावलं की खाली चुन्याने रंगवलेल्या भिंती, वाळत घातलेले कपडे, एखादी कोंबडी. म्हणजे आपण कुणाच्यातरी अंगणाच्या कठड्याशी उभे असतो. इथली माती खणायला मऊ, पण खणली की ढासळत नाही. आधी दोन-तीन मजले खोल गोल चौक खणायचा, मग त्याच्या भिंतींत आडव्या खोल्या कोरायच्या. ये-जा उताराच्या बोगद्यातून. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. वरच्या कोठ्यांत धान्य भरायचं तर जमिनीवरच्या भोकातून पोती रिकामी करायची, की ते आपोआप कोठीत पडतं.

१९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये नायकाचं घर म्हणून यांतलंच एक घर दिसलं. ते आज हॉटेल आहे आणि बघ्यांची गर्दी तिथेच असते. माझं म्हणणं, तिथे फार रेंगाळू नये. स्वातंत्र्यानंतर सरकारने पंधरा किलोमीटरवर नवं मत्मता वसवलं आणि अनेक कुटुंबं तिकडे गेली. जी घरं अजून नांदती आहेत ती त्या घरच्या बायका दाखवतात, चहा आणि ऑलिव्हच्या तेलाबरोबर भाकरी पुढे करतात. जाताना चार दिनार ठेवावेत, आणि काठावरून फोटो काढण्याआधी विचारावं. खाली कुणाचातरी संसार चालू असतो.

या डोंगरांतल्या ओघळींकडे फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक ओघळीत पायऱ्या-पायऱ्यांनी मातीचे बांध घातलेले आहेत आणि प्रत्येक बांधामागे दोन-चार ऑलिव्हची, एखादं अंजिराचं झाड. यांना ‘जेसूर’ म्हणतात. वर्षाकाठी जो काही पाऊस पडतो तो एक-दोन झडींत येतो आणि डोंगराची माती घेऊन पळतो. बांध त्याला थोपवतो, गाळ साचतो, गाळात ओल राहते. जास्तीचं पाणी बांधाच्या कडेच्या सांडीतून खालच्या बांधाला मिळतं. ताली आणि नालाबांध पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. नवल एवढंच, की दरवर्षी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात यावर ऑलिव्ह पिकतात.

आणखी दक्षिणेला तताविन. या नावाचा अर्थ तिथल्या अमाझीग भाषेत ‘पाण्याचे झरे’. अमाझीग म्हणजे अरबांच्या आधीपासून इथे राहणारे लोक. जग त्यांना बर्बर म्हणत आलं. त्यांनी डोंगरमाथ्यांवर आणि सपाटीवर उभे केलेले ‘क्सार’ पाहण्यासाठी मी म्हणेन तर हा सारा प्रवास करावा. क्सार म्हणजे सगळ्या टोळीचं सामायिक धान्याचं कोठार. मधे अंगण, चारी बाजूंनी कमानीच्या छताच्या अरुंद, लांबट कोठ्या, एकीवर एक रचलेल्या. एकेका कोठीला ‘गोर्फा’ म्हणतात. तताविनजवळच्या क्सार उलेद सुलतानमध्ये त्या चार मजल्यांपर्यंत चढल्या आहेत. बाहेरून नुसती आंधळी भिंत, सगळी दारं आतल्या अंगणाकडे. मधमाशांनी पोळं मातीने लिंपावं तसं ते दिसतं.

प्रत्येक कुटुंबाची आपली कोठी. दार खजुराच्या लाकडाचं आणि इतकं बुटकं की वाकूनच शिरावं. वर जायला भिंतीतून डोकावणाऱ्या अरुंद पायऱ्या, त्याही कठड्याशिवाय. वरच्या दारांच्या माथ्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा ओंडका पुढे आलेला असतो. त्यावरून दोर टाकून पोती वर ओढायची. आत जव, गहू, वाळवलेली अंजिरं, खजूर आणि तेलाचे रांजण. टोळी मेंढ्यांच्या मागे वर्षातले कित्येक महिने भटकत असे, तेवढा काळ क्सारच्या एकमेव दरवाज्यावर राखणदार. जव इथे काही वर्षंसुद्धा टिकत असे. पाऊस दोन-तीन वर्षं दडी मारतो, हे या लोकांनी आधीच हिशेबात धरलेलं होतं.

हे पाहताना पेवांची आठवण येते. आपल्या गावांतही ज्वारी अशीच कडब्याच्या अस्तरात, जमिनीखाली, मातीने तोंड लिंपून ठेवली जायची. फरक असा की पेव लपवायचं असतं, कुठे आहे ते घरच्यालाच ठाऊक. क्सार लांबून दिसेल असा उभा आहे. तिथे धान्याला राखतो तो शेजारी. माझ्या कोठीच्या भिंतीला तुझ्या कोठीची भिंत टेकलेली, तेव्हा एकाचं कोठार लुटायला आलेल्याला सगळ्यांशी लढावं लागे. आज बहुतेक क्सार रिकामे आहेत. काहींची हॉटेलं झाली, कित्येक पडत चालले. आत डोकावलं तर ओल्या गिलाव्यावर उमटवलेले हाताचे पंजे दिसतात. दृष्ट लागू नये म्हणून घरधन्याने ते उमटवले असतील.

तिथला जव मात्र खायला मिळतो. ‘ब्सीसा’ नावाचं पीठ घरोघरी असतं. भाजलेला जव किंवा गहू, हरभरे, मेथी आणि सुगंधी मसाले एकत्र दळायचे, पाण्यात किंवा ऑलिव्हच्या तेलात कालवायचे. सातूचं पीठ खाल्लेल्याला पहिल्या घासातच ओळख पटेल. गोडाची आवड असेल तर तताविनच्या बाजारात ‘कआब गझाल’ घ्यावं. हरिणीच्या घोट्याचं नाव असलेला, आत सुकामेवा भरलेला आणि मधात बुडवलेला हा पदार्थ आहे.

जवळच्या शेनिनी गावात, डोंगराच्या कुशीत, सात झोपाळूंची पांढरी मशीद आहे. गुहेत शेकडो वर्षं झोपलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा ख्रिस्ती आणि इस्लामी दोन्ही परंपरांत आहे. इथली माणसं तीत भर घालतात, की झोपेतही त्यांची शरीरं वाढतच राहिली. म्हणून मशिदीशेजारच्या कबरी माणसाच्या उंचीच्या दुपटीहून लांब आहेत.

पश्चिमेला मिठाचं प्रचंड सपाट मैदान, शॉत अल जेरीद. त्याच्या काठी तोझर आणि त्याची खजुराची राई. या राईत पाणी वाटायची पद्धत तेराव्या शतकात इब्न शब्बात नावाच्या विद्वानाने बसवून दिली. झऱ्यांचं पाणी पाटांत आणायचं, पाटांत आडव्या लाकडांना मोजून खाचा पाडायच्या आणि प्रत्येक वाफ्याला पाळी द्यायची. पाळी मोजायची ती भांड्याच्या तळाच्या भोकातून पाणी गळून जायला जो वेळ लागतो त्यावर. आपल्याकडे मुहूर्तासाठी पाण्यात बुडणारं घटिकापात्र असे, त्याचाच हा उलटा प्रकार. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत पाहिलेल्यांना पाटकऱ्याचा शब्द म्हणजे काय ते ठाऊक असतं. तोझरला तो शब्द सातशे वर्षं चालला. वर खजूर, मधे डाळिंब आणि अंजीर, खाली भाजीपाला: एकाच पाण्यावर तीन मजली शेती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल बोअर पडले, शेती पसरली आणि जुने झरे आटले. पाणी आता पंपाने वर येतं. राईतून चालताना कोरड्या पडलेल्या जुन्या पाटांकडे पाहून कालवाकालव होते.

जेर्बा बेटावर हॉटेलं खंडीभर आहेत. ती सोडून सेदुइकेश गावाबाहेरच्या ऑलिव्हच्या बागेत जावं. जमिनीत पायऱ्या उतरतात आणि खाली मशीद आहे, घुमट नाही, मनोरा नाही. इबादी हा इस्लाममधला लहान पंथ. मोठ्या सत्तांच्या नजरेआड आपली प्रार्थना चालू राहावी म्हणून त्यांनी ती मातीत उतरवली. त्याच बेटावर घ्रिबा हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे आणि वसंतात तिथे यात्रा भरते. २००२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तिथे जीवघेणे हल्ले झाले. २०२३ मध्येच या बेटाच्या वस्तीला जागतिक वारशाचा मान मिळाला.

परतीच्या वाटेवर स्फाक्स लागतं. इथल्या युद्धस्मशानभूमीत भिवानीकडच्या गावचे एक जाट हवालदार मेजर, छेलूराम, चिरनिद्रा घेत आहेत. १९४३च्या मार्चमध्ये मत्मताच्या डोंगरांतल्या हल्लूफ खिंडीतून वाट मोकळी करत चौथी भारतीय डिव्हिजन उत्तरेला निघाली होती. एप्रिलमध्ये जेबेल गार्सीच्या लढाईत छेलूराम जखमी होऊनही लढत राहिले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतातून जाणाऱ्याने तिथे दोन फुलं ठेवावीत.

स्फाक्सच्याच धक्क्यावरून सव्वा तासाची बोट केरकेन्ना बेटांवर नेते. बेटं इतकी सखल की भरतीची चिंता वाटावी. आसपासचा समुद्र उथळ आणि त्यात खजुराच्या झावळ्यांची कुंपणं रोवलेली दिसतात. ही ‘शर्फिया’. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळपास नसतेच, पण गाबेसच्या या आखातात ती चांगली जाणवते. ओहोटीचं पाणी माघारी फिरलं की मासे कुंपणाच्या कडेकडेने पुढे सरकतात आणि टोकाच्या टोपल्यांत शिरतात. ना जाळं ओढायचं ना इंजिन. त्याहून विशेष म्हणजे समुद्राचे हे तुकडे घराण्यांच्या मालकीचे आहेत, वारशाने चालत आलेले. जणू पाण्याचा सातबारा. कुंपण शरदात उभारायचं आणि जूनपर्यंत काढून घ्यायचं, म्हणजे माशांना वाढायला उन्हाळा मोकळा. दरसाल नव्या झावळ्या तोडायच्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक रोवायची. २०२० साली युनेस्कोने या कौशल्याची नोंद घेतली. समुद्र खरवडत नेणाऱ्या ट्रॉलरपुढे ते किती टिकेल, याचा घोर केरकेन्नाच्या कोळ्यांना आहे आणि तो रास्त आहे.

विमान ट्युनिसहूनच पकडायचं असेल तर एक दिवस हाताशी ठेवावा आणि उत्तरेला घार अल मेल्ह गाठावं. खारं सरोवर, पलीकडे समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यांवर बटाटे, कांदे, शेंगा. नळ नाही, मोट नाही. अंदालुसियाहून आलेल्या लोकांनी सतराव्या शतकात ही ‘रमली’ शेती सुरू केली. रमल म्हणजे वाळू. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. इथली भरती नावापुरतीच, पण ती आली की खारं पाणी फुगतं आणि त्या गोड्या थराला वर, रोपांच्या मुळांपर्यंत, उचलून धरतं. वाळूचा थर थोडा जाड झाला तर मुळं कोरडी राहतात, थोडा पातळ झाला तर मीठ लागतं. म्हणून शेतकरी वाऱ्याने उडालेली वाळू पुन्हा भरत राहतो, शेणखत घालतो, वारा अडवायला बोरूची कुंपणं लावतो आणि समुद्राची पातळी किती वाढली याकडे डोळा ठेवून असतो. संध्याकाळी बांधावर उभं राहिलं तर काहीच घडताना दिसत नाही. पण पायाखाली भरती सुरू झालेली असते.